एकच प्रत, पण कोणाची? : क्लास व्हेरिएबलपर्यंत पोहोचण्याच्या वाटांचा आढावा

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासक्रमात क्लास व्हेरिएबलच्या वाट्याला फार तर एखादा तास येतो. ‘स्टॅटिक म्हणजे सगळ्या ऑब्जेक्ट्समध्ये मिळून एकच प्रत’ हे वाक्य वहीत उतरतं, तोंडी परीक्षेत जसंच्या तसं म्हटलं जातं आणि विषय संपतो. वाक्य खोटं नाही. पण पुढे कामाला लागल्यावर पायथॉनमध्ये वाढवलेला आकडा वाढलेला दिसत नाही, रुबीमध्ये एका क्लासमधला बदल भलत्याच क्लासमध्ये उगवतो, जावामध्ये नवी लायब्ररी बसवूनही जुनाच दर लागत राहतो. त्या एका वाक्यात काय काय सांगायचं राहून गेलं होतं, ते तेव्हा कळतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. एका पतसंस्थेसाठी आपण `खाते` नावाचा क्लास लिहिला आहे. प्रत्येक खात्याची `शिल्लक` वेगळी, म्हणून ती ऑब्जेक्टची. `व्याजदर` मात्र सगळ्या बचत खात्यांना एकच आणि `एकूणखाती` हा आकडाही सगळ्यांचा मिळून एक. हे दोन क्लासचे. पुढे `मुदतठेव` नावाचा सबक्लास येतो आणि त्याचा व्याजदर वेगळा असतो. (ही नावं देवनागरीतच ठेवली तरी चालतात. जावा आणि पायथॉन ३ या दोन्ही भाषा अशी नावं स्वीकारतात.)

या क्लासच्या मालमत्तेबद्दल प्रत्येक भाषेला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. ती वाचताना कुठे कुठे शोधायचं? तिच्यावर लिहिलं तर ते नेमकं कुठे जाऊन बसेल? आणि सबक्लास आल्यावर त्याला तीच प्रत मिळेल की स्वतःची? या क्षेत्रातले बहुतेक घोटाळे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहेत, पण पाठ्यपुस्तकं पहिल्यावरच थांबतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या भाषेत वाचण्याची आणि लिहिण्याची वाट एक आहे, तिथे हा विषय सोपा आहे. जिथे त्या दोन वाटा फुटतात, तिथे प्रोग्रामरने लिहिताना प्रत्येक वेळी क्लासचं नाव उच्चारलं पाहिजे.

स्मॉलटॉकने आधीच केलेली फोड

क्लास ही कल्पना ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये आणली. तिथे क्लास व्हेरिएबलसाठी स्वतंत्र सोय नव्हती. ब्लॉकमध्ये ब्लॉक घालता येत असल्यामुळे क्लासभोवतीच्या ब्लॉकमधलं व्हेरिएबल सगळ्या ऑब्जेक्ट्सना आपोआप दिसे आणि तेवढ्यावर काम भागत असे.

प्रश्नाचा खरा विचार झाला तो झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात. ॲलन के, डॅन इंगॉल्स, अडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या स्मॉलटॉक-८० मध्ये क्लास हाही एक ऑब्जेक्ट असतो. मग क्लासकडे स्वतःची व्हेरिएबल असणं ओघानेच आलं. पण तिथे त्यांनी दोन प्रकार वेगळे काढले आणि त्या फोडीची किंमत अजूनही पुरेशी ओळखली गेलेली नाही असं मला वाटतं.

पहिला प्रकार क्लास व्हेरिएबल. हे क्लास, त्याचे सगळे सबक्लास आणि त्या सगळ्यांचे ऑब्जेक्ट्स मिळून एकच. दुसरा प्रकार क्लास-इन्स्टन्स व्हेरिएबल. याची नुसती जागा वारशाने मिळते, किंमत मिळत नाही, म्हणजे `खाते` आणि `मुदतठेव` यांची प्रत आपापली. आपल्या उदाहरणात `एकूणखाती` पहिल्या प्रकारात बसतं, कारण मुदत ठेवीही एकूण मोजणीत यायला हव्यात. `व्याजदर` दुसऱ्या प्रकारात बसतो, कारण ठेवीचा दर बदलल्याने बचत खात्याचा दर बदलता कामा नये. दोन्ही ‘क्लासचे’ असूनही दोघांची गरज उलट आहे. पुढच्या चाळीस वर्षांत जिथे जिथे गोंधळ झाला, तिथे एकाच यंत्रणेने या दोन्ही गरजा भागवायचा प्रयत्न झालेला दिसतो.

स्मॉलटॉकची दुसरी शिस्त पोहोचण्याबद्दलची. क्लास व्हेरिएबल क्लासच्या आणि ऑब्जेक्टच्या मेथड्सना थेट नावाने दिसतं, बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. बाहेरून दर हवा असेल तर क्लासला तसा संदेश पाठवायचा आणि त्याने उत्तर द्यायचं. क्लास-इन्स्टन्स व्हेरिएबल तर त्या क्लासच्या ऑब्जेक्ट्सनाही थेट मिळत नाही. ऑब्जेक्टने आधी स्वतःचा क्लास विचारायचा आणि मग त्या क्लासला दर विचारायचा. हे लांबचं वाटतं खरं, पण त्यामुळे ‘दर कोणाचा?’ हा प्रश्न कोडच्या त्या ओळीतच सुटलेला असतो.

स्टॅटिकचं घराणं

बियार्न स्ट्रॉस्ट्रप यांनी बेल लॅब्जमध्ये सी++ घडवताना सीमधला `स्टॅटिक` हा जुना शब्द याही कामाला लावला. इथे क्लास ऑब्जेक्ट नव्हे. स्टॅटिक सदस्य म्हणजे मेमरीतली एक ठरलेली जागा, जिला क्लासच्या नावाचा पत्ता आहे. `खाते::व्याजदर` असं म्हटलं की कंपायलर थेट त्या जागेवर पोहोचतो. वाचणं आणि लिहिणं एकाच जागी होतं आणि वाटेत कसलीही शोधाशोध नसते.

सी++ शिकणाऱ्याला अडवते ती वेगळीच गोष्ट. क्लासच्या आत स्टॅटिक सदस्य लिहिला की ती फक्त घोषणा होते. प्रत्यक्ष जागा मिळवण्यासाठी एखाद्या एकाच सोर्स फाइलमध्ये त्याची व्याख्या पुन्हा लिहावी लागते. ती विसरली तर कंपायलर काहीच बोलत नाही, तक्रार करतो लिंकर. त्याचा निरोप इतका त्रोटक असतो की चूक क्लासमध्ये आहे हे नवख्याच्या लक्षात येत नाही. हेडर फाइल अनेक ठिकाणी ओढली जाते आणि व्याख्या मात्र एकच हवी, हे त्यामागचं कारण. सी++१७ मध्ये `इनलाइन` व्हेरिएबल आली, तेव्हा व्याख्या क्लासच्या आतच लिहिण्याची मोकळीक मिळाली.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. दोन वेगळ्या सोर्स फाइल्समधल्या स्टॅटिक ऑब्जेक्ट्सपैकी आधी कोणतं तयार होईल हे सी++ सांगत नाही. एक दुसऱ्यावर अवलंबून असेल तर प्रोग्रॅम आज चालेल आणि लिंक करण्याचा क्रम बदलला की उद्या कोसळेल. यावरचा रूढ उपाय म्हणजे ते ऑब्जेक्ट एखाद्या फंक्शनच्या आत स्टॅटिक म्हणून ठेवणं. त्या फंक्शनला पहिल्यांदा हाक मारली जाईल तेव्हाच ते तयार होतं आणि सी++११ पासून अनेक थ्रेड एकाच वेळी आले तरी ते एकदाच तयार होण्याची हमी आहे.

१९९५ मध्ये आलेल्या जावाने `स्टॅटिक` हा शब्द उचलला आणि व्याख्येची कटकट काढून टाकली. क्लास पहिल्यांदा वापरात येतो तेव्हा त्याची स्टॅटिक व्हेरिएबल तयार होतात. तिथे एरर आली तर मात्र एक चकवा आहे. पहिल्या वेळी खरं कारण दिसतं, त्यानंतर मात्र तो क्लास सापडतच नसल्याची एरर येत राहते. लॉगमध्ये फक्त शेवटची पानं पाहणारा माणूस मग जार फाइल शोधत बसतो. अशा वेळी लॉगमध्ये मागे जाऊन पहिली एरर शोधावी.

जावाचा मोठा दोष माझ्या मते वेगळा आहे: स्टॅटिक व्हेरिएबल ऑब्जेक्टच्या मार्फतही वाचू दिलं गेलं. `रमाचेखाते.व्याजदर` असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं हा रमाचा दर. प्रत्यक्षात कंपायलर ऑब्जेक्टकडे ढुंकूनही पाहत नाही. `रमाचेखाते` कोणत्या क्लासचं म्हणून घोषित केलंय एवढंच तो बघतो. इतकं, की त्या व्हेरिएबलमध्ये काहीच नसेल, ते नल असेल, तरी दर बिनतक्रार वाचला जातो. आणि `खाते` म्हणून घोषित केलेल्या व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्षात `मुदतठेव` असली आणि दोन्ही क्लासमध्ये `व्याजदर` असला, तर मिळतो तो बचतीचाच दर. साधी मेथड असती तर सबक्लासची चालली असती. फील्डच्या बाबतीत मात्र सबक्लासचं नाव वरच्या नावाला फक्त झाकतं, त्याची जागा घेत नाही. तोंडी परीक्षेत विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारावा.

सी शार्पने इथे शहाणपण दाखवलं. ऑब्जेक्टच्या मार्फत स्टॅटिक सदस्याला हात लावला की सी शार्पचा कंपायलर सरळ एरर देतो. क्लासचं नाव लिहा, नाहीतर पुढे जाऊ नका. या सगळ्या घराण्यात मला हा नियम सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण गोष्ट सामायिक आहे हे वाचणाऱ्यापासून लपवण्याची सोयच तो ठेवत नाही.

जावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण तिचा थेट संबंध पैशाशी येतो. `स्टॅटिक फायनल` म्हणून लिहिलेला साधा आकडा किंवा मजकूर कंपायलर वापरणाऱ्या क्लासमध्येच उतरवून ठेवतो. समजा सामायिक लायब्ररीत दर ४ होता, तो ३ केला आणि फक्त लायब्ररीची नवी जार बसवली. जुन्याच कंपाइल केलेल्या अहवालाच्या क्लासमध्ये ४ छापलेलाच आहे आणि तो पुन्हा कंपाइल होईपर्यंत ४ च राहणार. कोडमध्ये पाहिलं तर ३ दिसतो, चालताना ४ लागतो. म्हणून जो आकडा कधी ना कधी बदलणार आहे, तो असा स्थिरांक म्हणून जगापुढे ठेवू नये, मेथडमधून द्यावा.

पायथॉन : वाचायची वाट वर, लिहायची वाट इथेच

आज महाराष्ट्रातली कितीतरी मुलं प्रोग्रॅमिंगची सुरुवातच पायथॉनने करतात, म्हणून इथे जरा थांबू. पायथॉनचा वाचण्याचा नियम असा: `रमाचेखाते.व्याजदर` म्हटलं की आधी त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या डिक्शनरीत शोध, नसेल तर क्लासमध्ये, तिथेही नसेल तर वरच्या क्लासमध्ये ठरलेल्या क्रमाने. अनेक क्लासकडून वारसा घेतला असेल तर तो क्रम पायथॉन २.३ पासून सी३ नावाच्या पद्धतीने ठरतो. आतापर्यंत सगळं सरळ आहे.

लिहिण्याचा नियम मात्र वर चढत नाही. `रमाचेखाते.व्याजदर = 7` ही ओळ क्लासला स्पर्शही करत नाही. ती रमाच्या ऑब्जेक्टवर त्याच नावाची नवी नोंद करते. यापुढे संस्थेने `खाते.व्याजदर` कितीही वेळा बदलला तरी रमाला ७ च मिळणार, कारण शोध तिच्या स्वतःच्या डिक्शनरीतच संपतो. एकाच ठिपक्याचा बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूला एक अर्थ आणि दुसऱ्या बाजूला दुसरा.

मोजणीत हा फरक सर्वांत जास्त नडतो. ऑब्जेक्ट तयार होताना `सेल्फ.एकूणखाती += 1` लिहिलं, तर उजवीकडची वाट क्लासमधलं ० वाचून आणते, त्यात १ मिळवला जातो आणि डावीकडची वाट तो १ ऑब्जेक्टवर ठेवते. हजार खाती उघडली तरी प्रत्येक खातं म्हणतं एकूण खाती १, आणि क्लास म्हणतो ०. एररचं नाव नाही.

यावर मुलांना सांगितलं जातं की `सेल्फ` ऐवजी ऑब्जेक्टचा क्लास घ्या: `टाइप(सेल्फ).एकूणखाती += 1`. हा उपाय सबक्लास येईपर्यंतच टिकतो. दहा बचत खाती उघडली, आकडा १०. मग पहिली मुदत ठेव उघडली. आता टाइप आहे `मुदतठेव`. तिच्याकडे स्वतःचा आकडा नाही, म्हणून वरचे १० वाचले गेले आणि ११ लिहिले गेले ते `मुदतठेव` वर. `खाते` अजून १० वरच. पुढचं बचत खातं उघडलं की `खाते` ११ होतं. खाती झाली बारा आणि दोन्ही क्लास ११ सांगतात. क्लास मेथडमध्ये `सीएलएस` वापरलं तरी हेच होतं. एकूण मोजणीसाठी योग्य ओळ एकच: `खाते.एकूणखाती += 1`, क्लासच्या पूर्ण नावानिशी. सबक्लासगणिक वेगळी मोजणी हवी असेल, तर सबक्लास जन्मतानाच त्याला स्वतःचं शून्य द्यावं. पायथॉन ३.६ पासून त्यासाठी `इनिट सबक्लास` ही खास मेथड आहे. ही फोड म्हणजे स्मॉलटॉकचेच दोन प्रकार. फक्त इथे ते प्रोग्रामरने स्वतः उभे करायचे.

यादी आली की चित्र उलटतं. क्लासच्या अंगात `व्यवहार = []` लिहिलं आणि मेथडमध्ये `सेल्फ.व्यवहार` मध्ये नवी नोंद घातली, तर इथे लिहिणं झालेलंच नाही. वाचून मिळालेली यादी जागेवर वाढवली गेली. ती यादी क्लासची, म्हणून एका खातेदाराचे व्यवहार सगळ्यांच्या पासबुकात. आकडा वेगळा होत होता, यादी वेगळी होत नाही. वरवर दोन विरुद्ध तक्रारी, पण दोन्हींच्या मागे नियम एकच: `=` नेहमी डावीकडच्या ऑब्जेक्टवर लिहितं आणि बाकी सगळं वाचणं असतं. पायथॉन ३.७ मधल्या डेटाक्लासने हा धोका ओळखून तिथे अशी रिकामी यादी मूळ किंमत म्हणून द्यायलाच बंदी घातली. ३.६ पासून `क्लासव्हार` अशी खूणही करता येते. ती चालताना काही अडवत नाही, पण टाइप तपासणारी साधनं तिच्या आधारे ऑब्जेक्टवरून होणारं लिहिणं पकडतात.

जावाकडून आलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. जावात क्लासच्या मेथडमध्ये नुसतं `व्याजदर` म्हटलं तरी चालतं. पायथॉनमध्ये तसं म्हटलं तर हे नाव माहीत नाही अशी एरर येते, कारण क्लासचं अंग हे मेथडसाठी बाहेरचं आवरण मानलं जात नाही. `सेल्फ.` किंवा `खाते.` लावावंच लागतं.

पायथॉनवर टीका केली, पण याच शोधाच्या नियमावर सुंदर गोष्टीही उभ्या आहेत. जँगो या पायथॉनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसच्या तक्त्याचे रकाने क्लासच्या पातळीवरची व्हेरिएबल म्हणून लिहिले जातात आणि मेटाक्लास ती गोळा करून तक्त्याचा आराखडा बनवतो. तिथल्या `ऑब्जेक्ट्स` या मॅनेजरची गंमत पाहण्यासारखी आहे. क्लासवरून मागितला तर मिळतो, ऑब्जेक्टवरून मागितला तर जँगो ठणकावून नकार देतो. सी शार्पच्या कंपायलरने केलं ते इथे एका लायब्ररीने डिस्क्रिप्टर वापरून करून दाखवलं.

रुबी, पीएचपी, जावास्क्रिप्ट

युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रुबीने स्मॉलटॉककडून दोन्ही प्रकार घेतले, पण खुणा अशा दिल्या की सोपी दिसणारी वाट धोक्याची निघाली. `@@व्याजदर` हे वारशाच्या अख्ख्या झाडात एकच. `मुदतठेव` मध्ये `@@व्याजदर` ला ७ दिले की बचत खात्यांचाही दर ७. ज्याला प्रत्येक क्लासची आपापली प्रत हवी, त्याने क्लासच्या पातळीवर एकच `@` वापरायचं. अनुभवी रुबी प्रोग्रामर `@@` सहसा टाळतात आणि रेल्स या रुबीतल्या वेब फ्रेमवर्कने `क्लास ॲट्रिब्यूट` नावाची तिसरी सोय दिली: सबक्लास स्वतः लिहीपर्यंत वरची किंमत वाचतो, लिहिलं की त्याची वेगळी होते. व्याजदरासारख्या गोष्टीला हे उत्तम बसतं. मात्र वारशाने मिळालेल्या यादीत जागेवरच भर घातली तर ती इथेही वरच्या क्लासला लागते.

रुबीत याहून विचित्र प्रकारही होता. सबक्लासने आधी `@@दर` तयार केलं आणि नंतर वरच्या क्लासने त्याच नावाचं केलं, तर खालच्याचं व्हेरिएबल मुकाट्याने बळकावलं जाई. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या रुबी ३.० ने त्याला एरर ठरवलं. चूक उशिरा दुरुस्त झाली, पण झाली.

पीएचपीमध्ये वाद वेगळ्या जागी होता. वरच्या क्लासमध्ये लिहिलेल्या मेथडमधलं `सेल्फ::` हे कायम वरच्याच क्लासकडे बोट दाखवतं, हाक सबक्लासवरून मारली तरी. २००९ च्या पीएचपी ५.३ मध्ये `स्टॅटिक::` आलं, ज्याचा अर्थ ज्या क्लासवरून हाक आली तो. त्यानंतरच डेटाबेसच्या तक्त्यांसाठी एकच पायाभूत क्लास लिहून सबक्लासनी आपापल्या तक्त्याचं नाव सांगणं नीट जमू लागलं.

जावास्क्रिप्टला २०१५ मध्ये क्लास मिळाले, पण स्टॅटिक मेथडपुरते. क्लासच्या अंगात स्टॅटिक फील्ड लिहिण्याची सोय २०२२ च्या मानकात आली. ऑब्जेक्टवरून ते वाचता येत नाही, ही चांगली गोष्ट. सबक्लासवरून वाचलं तर वरचं मिळतं आणि लिहिलं तर सबक्लासवर नवं तयार होतं, म्हणजे पायथॉनमधला अकरा-अकराचा घोटाळा इथेही जसाच्या तसा.

‘एकच’ म्हणजे कितीत एक

वहीतल्या त्या वाक्यातला ‘एकच’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. सी शार्पमध्ये जेनेरिक क्लासचं स्टॅटिक व्हेरिएबल प्रत्येक टाइपसाठी वेगळं असतं. पूर्णांकांच्या यादीचं एक, मजकुराच्या यादीचं दुसरं. सी++ च्या टेम्प्लेटचंही तसंच. जावा टाइपची माहिती कंपाइल करताना पुसून टाकते, म्हणून तिथे सगळ्यांना मिळून एक. सी शार्पमध्ये प्रत्येक थ्रेडला वेगळी प्रत देणारी `थ्रेडस्टॅटिक` खूण आहे. तिच्या सोबत लिहिलेली सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या थ्रेडला मिळते, बाकीच्यांना शून्य किंवा नल. हे माहीत नसलेल्यांनी त्यावर रात्री घालवल्या असतील यात शंका नाही.

जावामध्ये ‘एकच’ म्हणजे प्रत्येक क्लास लोडरमागे एक. टॉमकॅटवर दोन वेब ॲप्लिकेशन्सनी तीच लायब्ररी आपापल्या पोटात आणली की तोच क्लास दोनदा लोड होतो आणि स्टॅटिक व्हेरिएबलही दोन होतात. ॲप्लिकेशन काढून पुन्हा बसवताना एखादा थ्रेड जुन्या क्लासला धरून राहिला, तर तो क्लास लोडर आणि त्याची सगळी स्टॅटिक मालमत्ता मेमरीत अडकून पडते. वेब सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा त्रास चांगलाच परिचयाचा आहे.

पायथॉनचा वेब सर्व्हर सहसा अनेक प्रोसेस चालवतो आणि प्रत्येक प्रोसेसमध्ये क्लासची स्वतंत्र प्रत असते. तिथे `एकूणखाती` क्लासमध्ये मोजली तर पान ताजं केलं की आकडा बदलेल, कारण दर वेळी वेगळी प्रोसेस उत्तर देईल. पीएचपीच्या नेहमीच्या मांडणीत तर पान देऊन झालं की सगळी स्टॅटिक व्हेरिएबल पुसली जातात. पुढच्या विनंतीला सगळं नव्याने. अनेकांना हा तोटा वाटतो, पण एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर जाण्याचा धोका त्यामुळे आपोआप टळतो.

ज्यांनी ही सोय नाकारली

१९७३ मध्ये विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक असल्याचं मांडणारा लेख लिहिला. त्यांचे आक्षेप वाचताना जाणवतं की ज्याच्यावर कोणीही लिहू शकतं असं क्लास व्हेरिएबल म्हणजे पत्ता लावलेलं ग्लोबल व्हेरिएबलच. १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्सच्या प्रसिद्ध पुस्तकाने सिंगलटनला, म्हणजे ज्याचं एकच ऑब्जेक्ट तयार होऊ दिलं जातं अशा क्लासला, नाव आणि प्रतिष्ठा दिली. पुढच्या काळात त्याच सिंगलटनने टेस्ट लिहिणाऱ्यांना छळलं. एका टेस्टने बदललेली क्लासची किंमत दुसऱ्या टेस्टपर्यंत शिल्लक राहते, मग टेस्ट एकट्याने चालवली तर पास आणि सगळ्यांसोबत नापास.

काही भाषांनी म्हणून सोयच ठेवली नाही. बेर्त्राँ मेयेर यांच्या आयफेलमध्ये क्लास व्हेरिएबल नाही, त्याऐवजी ‘वन्स’ फंक्शन आहे. ते पहिल्या हाकेला एकदाच चालतं आणि नंतर तेच उत्तर देत राहतं. स्कालामध्ये स्टॅटिक नाही. क्लासच्या जोडीला त्याच नावाचं एक ऑब्जेक्ट असतं. कॉटलिनचं कंपॅनियन ऑब्जेक्ट त्याच वळणाचं. पोहोचायचं क्लासच्याच नावाने, पण ती वस्तू खरं ऑब्जेक्ट असल्यामुळे तिला इंटरफेस देता येतो, फंक्शनला पाठवता येते आणि टेस्टमध्ये तिच्या जागी दुसरी ठेवता येते. स्टॅटिकच्या घराण्यातून बाहेर पडून पुन्हा स्मॉलटॉकच्या दिशेने टाकलेलं हे पाऊल आहे आणि मला ते योग्य वाटतं.

रस्टने सर्वांत कडक भूमिका घेतली. बदलता येणारं `स्टॅटिक` हाताळायचं तर तो भाग `अनसेफ` म्हणून जाहीर करावा लागतो. कोणत्याही वेळी कोणताही थ्रेड लिहू शकेल अशा जागेची हमी आपण देऊ शकत नाही, असं कंपायलर स्पष्टच सांगतो. स्विफ्टमध्ये स्टॅटिक व्हेरिएबल पहिल्यांदा वापरताना तयार होतात आणि ते तयार होणं सुरक्षित असतं, पण नंतरचं लिहिणं सुरक्षित नव्हतं. २०२४ च्या स्विफ्ट ६ ने आपल्या नव्या भाषा-मोडमध्ये असं मोकळं, बदलतं स्टॅटिक थेट एरर ठरवलं. लॉकखाली ठेवा, एखाद्या ॲक्टरच्या ताब्यात द्या, नाहीतर स्थिरांक करा.

पायथॉन आता याच वळणावर आला आहे. इतकी वर्षं गिल नावाच्या कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवत असे. त्या काळातही `खाते.एकूणखाती += 1` ही ओळ सुरक्षित नव्हतीच. वाचणं, मिळवणं आणि लिहिणं अशा तीन पायऱ्यांच्या मध्ये थ्रेड बदलू शकत होता. पण तसं क्वचित घडे, म्हणून चूक दिसत नसे. ऑक्टोबर २०२४ च्या पायथॉन ३.१३ मध्ये गिलशिवाय चालणारी आवृत्ती प्रयोग म्हणून आली आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. तिथे थ्रेड खरोखर एकाच वेळी चालतात, त्यामुळे दोन काउंटरवर एकाच क्षणी उघडलेल्या खात्यांपैकी एक मोजणीतून गळणं आता क्वचित राहणार नाही. ज्यांच्या कोडमध्ये क्लासच्या पातळीवर बदलती व्हेरिएबल आहेत, त्यांनी गिल काढण्याआधी अशी प्रत्येक ओळ शोधून तिच्याभोवती लॉक घालावं. खात्यांच्या संख्येसारखी गोष्ट तर क्लासमधून काढून डेटाबेसलाच विचारावी, म्हणजे प्रोसेस कितीही असोत, उत्तर तेच येईल.